मांडवी, १८९६: जांघेतली गाठ आणि तिचा चुकलेला अर्थ

मुंबईच्या मांडवी भागात १८९६ चा पावसाळा सरत असताना धान्याच्या वखारींतून उंदीर पडू लागले. ‘उंदीर मेले’ असे न म्हणता ‘उंदीर पडले’ असे म्हणण्याची रीत प्लेगच्या वर्षांनी महाराष्ट्रात घरोघर पोचवली, आणि ती नेमकी आहे. प्लेगचा उंदीर बिळात जाऊन गुपचूप मरत नाही. तो उजेडात येतो, माणसाला न बिचकता झोकांड्या खात फिरतो आणि जिन्याच्या पायरीवर, पोत्यांच्या मधल्या वाटेत नाहीतर कौलांखालच्या वाशावरून थेट खाली पडतो. असे उंदीर लोक शेपटीला धरून किंवा खराट्याने लोटून बाहेर टाकत. त्यानंतर काही दिवसांनी त्याच घरांतली माणसे तापाने पडू लागली.

या अभ्यासासाठी मांडवीचीच साथ निवडण्याचे कारण असे की, येथे रोगाची लक्षणे पहिल्या काही आठवड्यांतच बरोबर ओळखली गेली, रोगाचा जंतू तर त्याआधी दोन वर्षे हाँगकाँगला सापडलेला होता, आणि तरीही तो जंतू माणसाच्या अंगात शिरतो कसा याचे उत्तर सरकारदरबारी मान्य व्हायला जवळजवळ दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत पुरावा कमी पडला असे म्हणता येत नाही, कारण तो रोग्याच्या अंगावर होता आणि दर खाटेवर तपासलाही जात होता; त्याचा अर्थ मात्र भलताच लावला गेला.

मांडवीची रचना आधी लक्षात घ्यायला हवी. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये सुरू झाल्यानंतर मसजिद बंदराच्या आसपासचा हा भाग आयात-निर्यातीच्या धान्याचे कोठार बनला होता. खाली वखार, वर दोन-तीन मजले बिऱ्हाडे, मधल्या बोळातून सांडपाण्याचे उघडे गटार, आणि पोत्यांच्या थप्प्यांना लागून झोपणारे हमाल, अशी ती वस्ती होती. जहाजावरून उतरलेला उंदीर पाव मैलाच्या आत अन्न, आसरा आणि आपल्या जातीचे हजारो सोबती यांच्यात मिसळत असे. हाँगकाँगमध्ये १८९४ साली मोठी साथ होऊन गेली होती आणि त्या बंदराशी मुंबईचा रोजचा व्यापार होता; रोग बहुधा त्याच मार्गाने आला.

मूळचे गोव्यातील हडफड्याचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस या भागात वैद्यकी करीत होते आणि नगरपालिकेचे सदस्यही होते. २३ सप्टेंबर १८९६ ही तारीख त्यांनी केलेल्या निदानाची म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे. ज्याचे नाव आतापर्यंत साधे ‘ताप’ एवढेच होते त्या रोगाला ‘प्लेग’ म्हणणे हे धारिष्ट्याचे काम होते, कारण एखाद्या बंदराच्या शहराने तो शब्द उच्चारला की जगातली इतर बंदरे त्याच्या जहाजांना दारे लावून घेतात आणि व्यापार बसतो. त्यामुळे निदानाला आरंभी विरोध झाला, शंका घेतल्या गेल्या, आणि कलकत्त्याहून बोलावलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ऑक्टोबरात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिल्यावर तो वाद मिटला.

खाटेशी बसून पाहिलेला रोग

जंतू अंगात शिरल्यापासून दोन ते सहा दिवस, क्वचित आठवडाभर, माणसाला काहीच जाणवत नाही. नंतर ताप येतो तो मात्र कसलीही वर्दी न देता. सकाळी वखारीत पोती मोजत असलेला माणूस दुपारी हुडहुडी भरून घोंगडीत शिरतो आणि दिवेलागणीपर्यंत त्याचे अंग १०३-१०४ अंशांवर तापलेले असते. डोके ठणकते, कंबर आणि हातपाय मोडून येतात, मळमळते, उलट्या होतात. डोळे लालबुंद होतात, जिभेवर पांढरा थर चढतो आणि तिच्या कडा लाल राहतात. थकवा तापाच्या मानाने फारच जास्त असतो. चालताना तोल जातो, बोलताना जीभ अडखळते. त्या काळच्या डॉक्टरांनी या अवस्थेची तुलना दारू प्यालेल्या माणसाशी वारंवार केलेली आहे, आणि ज्याने उंदराची झोकांडी पाहिली असेल त्याला ती लगेच पटावी.

इथपर्यंतचे चित्र हिवतापातही दिसू शकते. फरक पडतो तो गाठीने. तापाबरोबरच किंवा एक-दोन दिवसांत जांघेत, काखेत किंवा मानेत लसीकाग्रंथी, म्हणजे अंगात शिरलेले जंतू अडवणाऱ्या लहान गाठी, सुजतात. सूज सुपारीएवढी असू शकते किंवा कोंबडीच्या अंड्याएवढी. बहुसंख्य रोग्यांत ती जांघेत असते. ‘ग्रंथिक सन्निपात’ हे पंडिती नाव आणि ‘गाठीचा ताप’ हे लोकांचे नाव, दोन्ही या एका खुणेवरून पडली.

मराठी घराला जांघेतली गाठ नवी नव्हती. पायाची ठेच पिकली की जांघेत अवधाण येते, काखेत येणाऱ्या गाठीला काखमांजरी म्हणतात, हे वैद्याला विचारावे लागत नसे. त्यामुळेच प्लेगची गाठ आणि अवधाण यांतला फरक सांगणे आवश्यक आहे. अवधाण बोटाखाली थोडे सरकते, दाबल्यावर दुखते, आणि खाली पाहिले तर पायावर त्याचे कारण असलेली जखम सापडते. कधी जखमेपासून जांघेकडे गेलेली लाल रेघही दिसते. प्लेगची गाठ भोवतालच्या मांसात रुतल्यासारखी असते, तिच्याभोवतीची जागा पाणथळ सुजते, वरची कातडी तापलेली आणि ताणलेली असते. तिच्यावर धोतराचा काठ टेकला तरी रोगी कळवळतो. तो उताणा पडतो आणि त्या बाजूचा पाय गुडघ्यात दुमडून, मांडी किंचित बाहेर टाकून तसाच ठेवतो. पाय सरळ करायला सांगितला तर करीत नाही. गाठ काखेत असेल तर हात अंगापासून दूर धरलेला असतो, मानेत असेल तर डोके एका बाजूला कलते. अनुभवी डॉक्टरला दारातूनच, पांघरूण न काढता, गाठ कुठे असेल याचा अंदाज करता येई. आणि अशा रोग्याचा पाय टाचेपासून मांडीपर्यंत तपासला तर बहुधा काहीच सापडत नाही. जखम नाही, लाल रेघ नाही, ठेचही नाही. फार थोड्या रोग्यांत, नीट शोधले तर, एखादा मोहरीएवढा पाण्याचा फोड दिसतो.

या रिकाम्या पायाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

उपचाराविना रोग पुढे वेगाने सरकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून नाडी मऊ आणि जलद होते, रोगी बरळू लागतो, खाटेवरून उठून बाहेर पळू पाहतो. कातडीखाली रक्त साकळून काळपट डाग उमटतात. मृत्यू बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतो. जो रोगी पहिला आठवडा काढतो त्याची गाठ पिकते, फुटते, आणि जखम भरायला कित्येक आठवडे घेते, पण तो बहुधा वाचतो. औषध नसताना गाठीच्या प्लेगने शंभरातले चाळीस ते साठ रोगी दगावतात. जंतू गाठीत न अडकता सरळ रक्तात पसरला तर गाठ दिसण्याआधीच माणूस जातो. तो फुप्फुसात उतरला तर खोकला आणि रक्ताळ थुंकी सुरू होते, आणि हा फुप्फुसी प्रकार मात्र खोकल्याच्या तुषारांतून एका माणसाकडून थेट दुसऱ्याकडे जातो. या दोन्ही प्रकारांत वेळेवर औषध मिळाले नाही तर जवळजवळ कुणीच वाचत नाही. मांडवीत आणि पुढे सगळ्या मुंबईत जे पसरले ते मुख्यतः गाठीचे रूप होते.

गाठ का होते

अलेक्झांडर यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगच्या मृतांच्या गाठींतून जो जंतू वेगळा केला, आणि ज्याला आज त्यांच्याच नावाने यर्सिनिया पेस्टिस म्हणतात, तो लहान, दोन्ही टोकांना गडद रंग घेणारा, सूक्ष्मदर्शकाखाली मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा दिसणारा दंडगोल आहे. शिबासाबुरो किटासाटो यांनीही त्याच सुमारास तेथे या रोगाचा जंतू पाहिल्याचे जाहीर केले होते. पिसू चावते तेव्हा तो कातडीत उतरतो. शरीरातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण त्यांतल्या काही पेशींत तो मरत नाही; उलट पेशीच्या पोटात, माणसाच्या अंगाच्या उबेत, तो आपल्याभोवती एक संरक्षक आवरण तयार करतो. पेशी फुटून बाहेर पडल्यावर पुढच्या भक्षक पेशींना हे आवरण गिळू देत नाही. दरम्यान लसीकावाहिन्यांतून तो जवळच्या ग्रंथीत पोचलेला असतो. पायावरच्या चाव्याला जवळची ग्रंथी जांघेतली, हातावरच्या चाव्याला काखेतली. ग्रंथीत त्याची संख्या वाढते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, ऊती सडते, भोवती पाणी साठते; हीच ती असह्य दुखणारी गाठ. तिथून तो रक्तात सांडतो आणि मेलेल्या जंतूंच्या भिंतीतले विष रक्तवाहिन्या, मेंदू आणि हृदय यांच्यावर चालून जाते. झोकांड्या, बरळणे, काळे डाग आणि खोल जाणारी नाडी ही त्या विषाची कामे आहेत.

तेव्हा गाठ ज्या जागी येते ती जागा म्हणजे जंतू कुठून शिरला याचा पत्ता असतो. हा पत्ता १८९६ च्या डॉक्टरांनी वाचलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी तो वाचला होता. मात्र त्या पत्त्यावर राहणारा गुन्हेगार त्यांनी दुसराच ठरवला.

अनवाणी पाय, ओले गटार, लाल वर्तुळ

गाठ जांघेत, म्हणजे वाट पायातून. मजूर अनवाणी चालतो. म्हणजे जंतू जमिनीत आहे आणि तळपायाच्या भेगांतून शिरतो. हा तर्क सुसंगत आहे. घाण, कोंदट हवा आणि ओली जमीन यांतून रोग उपजतात ही जुनी समजूत आणि जंतूचा नवा शोध यांचा त्यात छान मेळही बसत होता. युरोपीय लोकांना प्लेग कमी होतो, कारण ते बूट घालतात, हे निरीक्षणही त्याला जोडता येत होते. ते बंगल्यात राहतात, त्यांच्या पायाखाली धान्याची वखार नसते आणि उशाशी उंदरांचे बीळ नसते, हे तितकेच उघड होते, पण त्याचा हिशेब धरला गेला नाही.

धान्यावरही संशय होता, आणि हा संशय जवळजवळ बरोबर होता. धान्यात विष आहे असे समजून ते हलवले गेले, काही नष्ट केले गेले. धान्याभोवती उंदीर आहेत, उंदरांवर पिसवा आहेत आणि पोते हलवले की त्याही हलतात, ही पुढची पायरी कुणी चढले नाही.

आयुक्त स्नो आणि आरोग्याधिकारी वेअर यांच्या नगरपालिकेने मग जमिनीशी आणि गटारांशी लढाई सुरू केली. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांनी गटारे धुतली गेली, भिंतींना चुना मारला गेला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली. ज्या घरात रोगी सापडे त्यावर तारखेसह लाल वर्तुळ रंगवले जाई, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर यू. एच. एच. ही इंग्रजी आद्याक्षरे. गटारे धुण्याने काय साधले असेल याचा आज विचार केला तर अंगावर काटा येतो, कारण गटारातल्या उंदराला पाण्याने हुसकावले की तो कोरड्या जागी, म्हणजे घरात, येतो. याउलट लोकांना घरातून काढून माळावरच्या झोपड्यांत नेणे हा उपाय खरोखर लागू पडला, मात्र हवा मोकळी मिळाली म्हणून नव्हे, तर उंदीर आणि पिसवा मागे राहिल्या म्हणून. खेड्यांतल्या लोकांनी हे आपल्या अनुभवानेच ओळखले होते. उंदीर पडला की गाव सोडून रानात राहायला जायचे, ही चाल पुढे कित्येक वर्षे टिकली.

लक्षणाचा सर्वांत वाईट उपयोग झाला तो आगगाडीच्या स्थानकांवर. रोग्याला गाठ असते म्हणून प्रवाशांच्या जांघा आणि काखा चाचपून पाहायच्या, अशी तपासणी सुरू झाली. स्त्रियांची अशी तपासणी होणे हा लोकांच्या दृष्टीने रोगाहून मोठा घाव होता. वैद्यकीय हिशेबानेही ती लंगडी होती: ज्याला पिसू कालच चावली त्याच्या जांघेत आज काहीच नसते, तो तपासणीतून सुखरूप पुढे जातो आणि गाठ घेऊन गावी उतरतो. मांडवीहून निघालेला माणूस आगगाडीने त्याच दिवशी पुण्याला, काही दिवसांत पडावाने कोकणात किंवा काठेवाडात पोचत होता, आणि त्याच्या वळकटीत काय होते ते कुणीच झटकून पाहिले नाही. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे साडेआठ लाखांच्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली होती. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. रोग्याला तेथे नेतात ते मारण्यासाठीच, अशी समजूत पसरली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, त्याखाली पुण्यात सैनिकांकरवी घरोघर झडत्या झाल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. येथे त्याचा संबंध एवढाच की, त्या झडत्यांत जे शोधले जात होते, म्हणजे रोगी माणूस, त्याच्याकडून हा रोग सहसा पसरतच नव्हता.

याचा पुरावा त्याच आर्थर रोडच्या इस्पितळात पडून होता. गाठीच्या रोग्यांना उचलणारे, धुणारे, त्यांच्या उलट्या काढणारे सेवक आणि परिचारिका यांना रोग फार क्वचित होई. रोग स्पर्शाने जडत असता तर इस्पितळ आधी ओस पडले असते. सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला पाठीवर घेऊन ससाण्यांच्या माळावर आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच सेवेत त्यांना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, ही गोष्ट याच्या विरुद्ध जाते असे वाटू शकते. पण रोगट वस्तीतून उचललेल्या मुलाच्या कपड्यांत पिसू असणे अगदी सहज शक्य होते. इस्पितळात आलेल्या रोग्याचे कपडे काढले जात, तेथे ही शक्यता कमी होई.

हाफकिन यांनी दरम्यान आपले काम वेगळ्या टोकाने धरले होते. जंतू कसा येतो हे माहीत नसले तरी तो कोणता आहे हे माहीत आहे, तेव्हा त्याच्याविरुद्ध शरीर तयार करता येईल, हा त्यांचा विचार. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या एका खोलीत त्यांनी मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवले, वर तुपाचे थेंब सोडले, आणि त्या थेंबांना लोंबून गुहेतल्या चुनखडीसारखे जंतूंचे झुबके खाली उतरत गेले. ते उष्णतेने मारून केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली, आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. तिने संरक्षण पूर्ण दिले नाही, पण लस घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू दोन्ही लक्षणीयरीत्या कमी झाले.

काचेच्या बरणीपासून परळच्या झोपड्यांपर्यंत

रिकाम्या पायावरच्या त्या मोहरीएवढ्या फोडाकडे ज्याने थांबून पाहिले तो फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों. तो १८९७ मध्ये मुंबईत आला. फोडातल्या पाण्यात त्याला प्लेगचे जंतू सापडले, आणि फोड नेहमी गाठीच्याच बाजूला, तिच्या खालच्या भागात असे. तेव्हा जंतू शिरण्याची जागा ही. आणि ती तळपायाची भेग नसून कुणीतरी चावल्याची खूण आहे, असे त्याचे अनुमान झाले. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणाऱ्या माणसाला रोग होतो, बराच वेळ थंड पडलेल्या उंदराने होत नाही, हेही त्याने जोडले. उंदीर थंड झाला की पिसवा त्याला सोडून जातात, हा त्यातला दुवा होता.

२ जून १८९८ रोजी कराचीच्या एका हॉटेलात त्याने प्रयोग लावला. तळाशी वाळू घातलेल्या काचेच्या मोठ्या बरणीत, पिसवा असलेला प्लेगचा आजारी उंदीर ठेवला. तो मरायला टेकला तेव्हा त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता. मध्ये हवा होती आणि उडी मारू शकणाऱ्या पिसवा होत्या. काही दिवसांत वरचा उंदीर आजारी पडून मेला, आणि त्याच्या इंद्रियांत प्लेगचे जंतू मिळाले. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवला तर कुणालाच काही होत नव्हते.

प्रयोग इतका साधा होता की तो कुणीही पुन्हा करून पाहू शकला असता. तरी त्याच सुमारास नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने सिमोंचे म्हणणे बाजूला सारले. मला यात केवळ अहंकार दिसत नाही; ज्यांनी दोन वर्षे जमीन धुण्यावर पैसा, मनुष्यबळ आणि लोकांचा रोष खर्च केला होता, त्यांना हा शोध पचणे अवघडच होते.

पुढचा धागा पुन्हा मुंबईतच सापडला. ब्रिटिश डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी मांडवीसारख्याच दाट वस्त्यांत असे पाहिले की, घरातले उंदीर पडून संपले की उंदरांवरच्या पिसवा भुकेने इतर प्राण्यांवर चढतात, आणि मोकळ्या सोडलेल्या गिनिपिगाच्या अंगावर त्या गोळा होतात. गिनिपिग म्हणजे जणू पिसवांचा सापळा. १९०५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेत नवे संशोधन मंडळ कामाला लागले. त्यांनी लहान झोपड्या बांधून घेतल्या, काहींच्या छपरांत उंदरांना राहता येईल अशी सोय ठेवली, आणि गिनिपिग कुठे, कसा ठेवला तर त्याला प्लेग होतो हे तपासले. जमिनीवर ठेवलेला मेला. दोन फूट उंच टांगलेला वाचला, कारण पिसूची उडी जेमतेम काही इंच असते. जमिनीवरच, पण भोवती माशा धरायच्या चिकट कागदाचा पट्टा अंथरून ठेवलेला वाचला, आणि कागदावर पिसवा चिकटलेल्या मिळाल्या. जमीन तीच, हवा तीच, झोपडी तीच. अनवाणी पायाचा सिद्धान्त त्या चिकट कागदावर संपला.

मंडळाने शहरातल्या एक लाखाहून अधिक उंदरांची तपासणी करून क्रमही लावला. आधी गटारांतला तपकिरी उंदीर पडतो, सुमारे दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे. काळा उंदीर माणसाच्या घरात, छपरात, पोत्यांत राहतो म्हणून माणसाला खरा धोका त्याचा. उंदरावरची ती पिसू झेनॉप्सिला केओपिस या नावाने ओळखली जाते. ती माणसाला स्वखुशीने चावत नाही. तिचा उंदीर मेल्यावर, नाइलाजाने चावते. एकच कोडे उरले होते, की पिसूच्या पोटातला जंतू चाव्यातून बाहेर येतो कसा. ते १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत बेकट आणि मार्टिन यांनी सोडवले: जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी चिकट बोळा होऊन वाढतात आणि वाट बुजवतात. पिसू रक्त ओढते, पण ते पोटात जात नाही. ताटकळून जंतूंसह परत जखमेत येते. भुकेली पिसू पुन्हा चावते, आणि पुन्हा. फार उष्ण हवेत हा बोळा टिकत नाही आणि पिसूही लवकर मरते, म्हणून मुंबईची साथ दरवर्षी हिवाळ्यात चढे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे.

आता मांडवीकडे मागे वळून पाहिले तर प्रत्येक लक्षण जागेवर बसते. गाठ जांघेत, कारण जमिनीलगत फिरणारी पिसू पायाला चावते; जमिनीवर झोपणाऱ्या मुलाला मात्र ती मानेजवळही चावू शकते. पाय रिकामा, कारण पिसूच्या चाव्याची जखम दिसण्याइतकी मोठी नसते. माणसे उंदरांनंतर, कारण पिसू आधी उंदीर संपवते. तपासणीत निर्दोष ठरलेला प्रवासी गावी पोचून पडतो, कारण दोन ते सहा दिवस जंतू गाठीकडे वाट काढत असतो. शहराची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. भारतात पुढच्या काही दशकांत या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

आज हा रोग वेळेत ओळखला तर बरा होतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांपैकी औषध लक्षणे सुरू होताच दिले तर बहुसंख्य रोगी वाचतात. पेनिसिलिनवर विसंबून चालत नाही. निदानासाठी गाठीतून सुईने थोडे पाणी काढून जंतू पाहतात, पण तपासणीचा निकाल येईपर्यंत औषध थांबवायचे नसते. म्हणून डॉक्टरने विचारायचा पहिला प्रश्न तापाविषयी नसून घराविषयी असतो: अलीकडे उंदीर पडले का?

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी हेच, कुणी न विचारता, सांगितले. पिसवा फार चावू लागल्या आहेत आणि उंदीर पडत आहेत, ही त्यांची तक्रार होती. गाठी आणि ताप असलेले रोगी त्यानंतर पुढे आले. अशा गावात काम करणाऱ्या पथकाला एक क्रम पाळावा लागतो. पिसू मारणारी भुकटी आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर टाकायची, आणि उंदरांचे विष नंतर, कारण उंदीर आधी मारले तर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा एकाच रात्री नवे अंग शोधायला निघतात.